पोच आणि नोंद : डेटाबेस सर्व्हरसाठी सॉलिड-स्टेट ड्राइव्ह निवडताना

राज्यकारभार हा अखेरीस नोंदींचा कारभार असतो. जमीन कोणाच्या नावे, निवृत्तिवेतन कोणास देय, शिधापत्रिकेवर माणसे किती, कर भरला की थकला, या प्रश्नांची उत्तरे शासन स्मरणाने देत नाही. नोंद पाहून देते. शतकानुशतके ही नोंद कागदावर होती आणि कागदाचे गुणदोष कारकुनापासून कलेक्टरपर्यंत सर्वांस ठाऊक होते. कागदाला वाळवी लागते, शाई फिकट होते, दप्तरखान्यात पाणी शिरते. म्हणून दप्तर कापडात बांधावे, फडताळात उंचावर ठेवावे आणि महत्त्वाच्या दस्तऐवजाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी असू द्यावी, हे शहाणपण कोणत्याही परिपत्रकाच्या आधीचे आहे. गेल्या चार दशकांत नोंद कागदावरून डेटाबेसमध्ये गेली. परंतु ज्या वस्तूवर ती आता उमटते, तिच्याविषयीचे आपले ज्ञान बहुधा निविदेतील एका ओळीपुरते उरले आहे : सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, ९६० जीबी, नग दोन.

या एका ओळीत काय लिहावयास हवे होते आणि काय राहून गेले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. तंत्रज्ञानाचा हा इतिहास वस्तुतः विश्वासाचा इतिहास आहे. ड्राइव्हने "लिहिले" असे कळवले, तर ते खरोखर लिहिले गेले आहे काय, या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो.

रोजकीर्द आणि खतावणी

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक ही यंत्रणा बाजारात आणली. तिच्यातील साठवणयंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत असत. फितीप्रमाणे आरंभापासून वाचत न जाता हवी ती नोंद थेट काढता येऊ लागली, हे तिचे महत्त्व. पुढील दोन दशकांत या सोयीवरच डेटाबेसचे शास्त्र उभे राहिले. जिम ग्रे व त्यांच्या समकालीनांनी "व्यवहार" ही संकल्पना काटेकोरपणे मांडली : व्यवहार एक तर पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही, आणि एकदा पूर्ण झाला की यंत्र बंद पडले तरी तो टिकेल. १९८३ साली थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी अशा व्यवहाराच्या चार गुणांना एकत्रित नाव दिले. त्यांतील चौथा गुण म्हणजे टिकाऊपणा.

हा टिकाऊपणा साधण्याची युक्ती आपल्या व्यापाऱ्यांना परकी वाटू नये. कोणताही बदल आधी रोजकीर्दीत नोंदवायचा आणि मग सवडीने खतावणी करायची. मध्येच वीज गेली, तर कीर्द वाचून खतावणी पुन्हा पूर्ण करता येते. अर्धवट राहिलेला व्यवहार उलटवता येतो. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या पद्धतीचे सविस्तर शास्त्र "एरीज" या नावाने प्रसिद्ध केले. मद्रासच्या आयआयटीतून पदवी घेतलेल्या या भारतीय संशोधकाच्या कामाचा ठसा आजच्या अनेक प्रमुख डेटाबेसवर आहे.

या सर्व इमारतीचा पाया मात्र एका गृहीतकावर आहे. कीर्दीतील ओळ तबकडीवर उमटल्याची पोच ड्राइव्ह देते आणि डेटाबेस त्या पोचेवर विसंबून नागरिकास "आपले काम झाले" असे सांगतो. १९८५ च्या सुमारास दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर सुरू झाले, तेव्हापासून खिडकीवर हाती पडणारे तिकीट म्हणजे अशाच एका पोचेचे छापील रूप होय. पोच खोटी असेल, तर एकच शायिका दोघांना विकली जाण्याची शक्यता उरते.

आवक टेबलावरचे कारकून

पोच खोटी असू शकते काय? दुर्दैवाने होय. ड्राइव्हला वेगाचा लौकिक हवा असतो. म्हणून ती आलेला मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवते, लगोलग पोच देते आणि कायमची नोंद थोड्या वेळाने करते. आवक टेबलावरील कारकुनाने प्रत्येक अर्जावर शिक्का मारून द्यावा, पण अर्ज नोंदवहीत न चढवता टेबलावर रचून ठेवावेत, तसा हा प्रकार. वारा सुटला नाही तोवर सर्व ठीक असते.

जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतील लाइव्हजर्नल या संकेतस्थळाला या वाऱ्याचा प्रत्यय आला. ज्या डेटा सेंटरमध्ये त्याचे सर्व्हर होते, तेथे कोणीतरी आणीबाणीचे वीज तोडण्याचे बटण दाबले. वीज परत आली, पण अनेक डेटाबेस सुस्थितीत परतले नाहीत. संस्थापक ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी त्यानंतर एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. चाचणीतील सर्व्हर ड्राइव्हवर मजकूर लिहीत राहतो आणि प्रत्येक पोचेची खबर दुसऱ्या संगणकास देतो. मग पहिल्याची वीज प्रत्यक्ष तोडायची, पुन्हा सुरू करायची आणि पोच मिळालेले सर्व काही जागेवर आहे का ते ताडून पाहायचे. या चाचणीस महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोन संगणक आणि एक दुपार पुरते.

"आमच्याकडे यूपीएस आहे, जनरेटर आहे," असे उत्तर या मुद्द्यावर हमखास मिळते. त्या डेटा सेंटरलाही पर्यायी वीजव्यवस्था होती. बटण तिच्या पुढे होते. सर्व्हरच्या आतील वीजपुरवठा जळणे, यूपीएसची बॅटरी वेळेवर न बदलली जाणे, देखभालीच्या वेळी चुकीची वायर निघणे, या गोष्टी जनरेटरने टळत नाहीत.

फ्लॅशचे आगमन

इथवरची कथा फिरत्या तबकड्यांची. दरम्यान दुसरे तंत्र आकार घेत होते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झे यांनी विद्युत्भार अडकवून ठेवणाऱ्या तरंगत्या गेटची कल्पना मांडली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार जगासमोर ठेवला. १९८८ साली एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी जी कंपनी स्थापन केली, तीच पुढे सॅनडिस्क म्हणून प्रसिद्ध झाली. तिने १९९१ मध्ये २० एमबी क्षमतेची फ्लॅश ड्राइव्ह आयबीएमला पुरवली. किंमत सुमारे एक हजार डॉलर.

फ्लॅशचा स्वभाव तबकडीहून निराळा आहे. तिच्यात लिहिलेल्या जागेवर पुन्हा थेट लिहिता येत नाही. लिहिणे पानापानाने होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या संपूर्ण गठ्ठ्याचेच होते, आणि प्रत्येक पुसण्यागणिक पेशी झिजते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या प्रकारात असे सुमारे एक लाख फेरे मिळत. दोन बिट ठेवले की ते काही हजारांवर येतात, तीन-चार बिटांत आणखी घटतात. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून ड्राइव्हमधील नियंत्रक मजकूर सतत हलवत असतो, आणि कोणता मजकूर कोठे आहे याचा नकाशा स्वतःपाशी ठेवतो. हा नकाशा बहुतांशी तात्पुरत्या स्मृतीत असतो. म्हणजे टेबलावर आता केवळ नवे अर्ज नाहीत. दप्तरखान्याची अनुक्रमणिकाही तेथेच आहे. ऐन वेळी वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जाण्यावरच भागत नाही. पूर्वीच्या, सुरक्षित मानलेल्या नोंदीही सापडेनाशा होऊ शकतात.

यावरचा उपाय यांत्रिक आहे आणि साधा आहे. ड्राइव्हच्या आत छोटे कपॅसिटर बसवायचे. वीज जाताच त्यांत साठलेल्या ऊर्जेवर नियंत्रक टेबलावरचे सर्व काही नोंदवहीत उतरवतो आणि मगच बंद पडतो.

२००८ ते २०१३ : पाच वर्षांचे धडे

२००८ साली इंटेलने सर्व्हरसाठी एक्स२५-ई ही ड्राइव्ह आणली. ती महागड्या, एक-बिट पेशींची होती आणि तिचा वेग थक्क करणारा होता. डेटाबेस चालवणाऱ्या अभ्यासकांनी २००९ मध्ये तिची वीज तोडून पाहिली, तेव्हा पोच मिळालेले व्यवहार गहाळ झाल्याचे आढळले. तात्पुरती स्मृती बंद केल्यास व्यवहार टिकत, पण लिहिण्याचा वेग झपाट्याने खाली येई. सर्व्हरसाठीची म्हणून विकलेली वस्तू डेटाबेससाठी योग्य असेलच असे नाही, हा पहिला धडा.

२०११ मध्ये त्याच कंपनीच्या ३२० मालिकेत कपॅसिटर आले. तज्ज्ञांनी समाधान व्यक्त केले. परंतु काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या : वीज अचानक गेल्यावर काही ड्राइव्ह आपली क्षमता केवळ ८ एमबी असल्याचे सांगत आणि आतील मजकूर हाती लागत नसे. दोष फर्मवेअरमध्ये होता. कंपनीने तो मान्य केला आणि ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर दिले. सुरक्षेचा भाग असणे आणि सुरक्षा असणे यांत अंतर असते, हा दुसरा धडा. २०१२ अखेर आलेल्या डीसी एस३७०० या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर सुस्थितीत आहेत की नाहीत हे ड्राइव्ह स्वतःच तपासू लागली, आणि पाच वर्षे दररोज पूर्ण क्षमतेच्या दहापट लेखन सोसण्याची ग्वाही देण्यात आली. धडा गिरवल्याचे ते चिन्ह होते.

२०१३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठ व एचपी प्रयोगशाळेतील संशोधकांनी पाच उत्पादकांच्या १५ सॉलिड-स्टेट ड्राइव्हची वीज पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. त्यांपैकी १३ ड्राइव्हमध्ये कोणता ना कोणता बिघाड दिसला : बिघडलेले मजकूर, अर्धवट लेखन, क्रम बदललेल्या नोंदी, आणि एक ड्राइव्ह तर पूर्ण निकामी.

आकडा आणि अनुभव

माहितीपत्रकात विश्वासार्हता एका भारदस्त आकड्याने सांगितलेली असते : दोन बिघाडांमधील सरासरी काळ दहा लाख तास, किंवा अधिक. दहा लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. २००७ मध्ये बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख फिरत्या ड्राइव्हच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के ड्राइव्ह बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात हे प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत होते.

२०१६ मध्ये श्रोडर यांनी गूगलमधील सहकाऱ्यांसह तेथील सहा वर्षांच्या फ्लॅश ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला. तबकड्यांच्या तुलनेत फ्लॅश ड्राइव्ह कमी वेळा बदलाव्या लागल्या, ही चांगली बातमी. परंतु पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये दुरुस्त न होणारी किमान एक चूक उद्भवली. महाग, एक-बिट पेशींच्या ड्राइव्ह प्रत्यक्ष विश्वासार्हतेत सरस ठरल्या नाहीत, आणि लेखनाच्या झिजेइतकेच वयालाही महत्त्व असल्याचे दिसले. किंमत हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे खरेदी करणाऱ्याने येथून घ्यावे.

एकाच दिवशी आलेल्या दोन ड्राइव्ह

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी रेड ही पद्धत मांडली. स्वस्त ड्राइव्ह अनेक घ्याव्यात, नोंद एकाहून अधिक ठिकाणी ठेवावी. एक गेली तरी दुसरी असते. निविदेतील "नग दोन" तिथून आले आहेत. या हिशेबात दोन ड्राइव्ह एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतील असे गृहीत आहे. यांत्रिक झिजेबाबत ते बरेचसे खरे होते. फर्मवेअरच्या चुकीबाबत ते मुळीच खरे नाही.

जानेवारी २०१२ मध्ये क्रुशिअल एम४ ही ड्राइव्ह ५,१८४ तास चालल्यावर प्रतिसाद देईनाशी होते असे स्पष्ट झाले आणि कंपनीने दुरुस्ती दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने सर्व्हरसाठीच्या काही ड्राइव्हबाबत गंभीर इशारा दिला : चालू स्थितीत ३२,७६८ तास भरताच ड्राइव्ह आणि तिच्यातील मजकूर दोन्ही कायमचे जातील. हे तास म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा आकडा ओळखीचा वाटेल. चिन्हासहित १६ बिटांच्या खान्यात ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांच्या मर्यादेचा दुसरा इशारा आला. एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच प्रकारच्या दोन ड्राइव्ह अशा वेळी एकाच घटकेस मरतात. जुलै २०२२ मध्ये हॅकर न्यूज या संकेतस्थळाचा मुख्य सर्व्हर आणि राखीव सर्व्हर काही तासांच्या अंतराने ड्राइव्ह निकामी होऊन बंद पडले, तेव्हा अशाच मर्यादेचा संशय व्यक्त झाला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला परस्परसंबद्ध जोखीम म्हणेल. एकाच नदीकाठच्या दोन शेतांचा विमा काढून पुराची जोखीम विभागली जात नाही.

तांदळातील खडे

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक लहान निबंध प्रसिद्ध केला, ज्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विकणाऱ्यास मालाचा खरा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हा त्याचा आशय. निबंधातील उदाहरणांत भारतही आहे : बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे व आकाराचे खडे गृहिणीला निवडून काढावे लागतात.

सॉलिड-स्टेट ड्राइव्ह हा असाच तांदूळ आहे. क्षमता, वेग व किंमत डोळ्यांना दिसतात. पोच खरी की खोटी हे दिसत नाही. किमान दराच्या निविदेत जे दिसते त्याचीच स्पर्धा होते, आणि जो पुरवठादार कपॅसिटर काढून टाकतो तो स्वस्त ठरतो. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. आपण जे मागितले नाही, ते त्याने दिले नाही इतकेच. हमीचा कालावधी हा काही अंशी दर्जाचा संकेत मानता येतो. परंतु हमीत नवी ड्राइव्ह मिळते, गेलेल्या नोंदी मिळत नाहीत.

न दिसणारा दोष कसा पकडावा, हे भारतीय प्रशासनास नवे नाही. रेल्वेच्या सामानाची कसोटी घेण्यासाठी १९१२ साली कलकत्त्यात अलीपूर येथे जी परीक्षणशाळा स्थापन झाली, ती नॅशनल टेस्ट हाउस म्हणून आजही कार्यरत आहे. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट अस्तित्वात आले. खरेदी आणि तपासणी ही एकाच कामाची दोन अंगे मानण्याची परंपरा पुढे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाने चालवली. हे महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झाले आणि खरेदी जेम या ऑनलाइन बाजारपेठेकडे गेली. खरेदीची पारदर्शकता त्यामुळे वाढली. तपासणीचे ओझे मात्र खरेदी करणाऱ्या कार्यालयाच्या अंगावर आले, आणि ते पेलण्याची तयारी सर्वत्र झालेली दिसत नाही.

निविदेत काय असावे

सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ मालाचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्याजोगे असावे, असे सांगतो; विशिष्ट व्यापारनामाचा आग्रह तो मान्य करत नाही. काहींना ही अडचण वाटते. प्रस्तुत लेखकास ती संधी वाटते, कारण वरील इतिहासातून निघणाऱ्या सर्व अटी नाव न घेता लिहिता येतात.

पहिली अट, वीज अचानक गेल्यास पोच दिलेला सर्व मजकूर सुरक्षित ठेवणारी यंत्रणा ड्राइव्हच्या आत असावी आणि तिची स्थिती बाहेरून वाचता यावी. दुसरी, लेखनसहनशक्ती अंदाजाने लिहू नये. सध्याच्या सर्व्हरवर महिनाभर किती लेखन होते ते मोजून, वाढीची तरतूद धरून मागावी. अन्यथा एक तर अनावश्यक खर्च होतो किंवा ड्राइव्ह मुदतीआधी झिजते. तिसरी, जेडेक संस्थेच्या २०१० च्या मानकातील सर्व्हर-वर्गाची पूर्तता मागावी. परंतु त्या वर्गाचा अर्थही जाणून घ्यावा. आयुष्य संपत आलेल्या अशा ड्राइव्हने वीज नसताना ४० अंश तापमानात तीन महिने मजकूर टिकवणे एवढेच त्यात अपेक्षित आहे. नागपूरच्या वा बिकानेरच्या उन्हाळ्यात जुनी ड्राइव्ह कपाटात ठेवून तिला अभिलेख समजणे म्हणूनच धोक्याचे. चौथी, फर्मवेअरमधील दोषांची सूचना व दुरुस्ती देण्याची जबाबदारी पुरवठादारावर करारकाळापुरती बंधनकारक असावी, आणि कार्यालयाने प्रत्येक ड्राइव्हचे चालू तास नोंदवावेत. पाचवी, जोडीतील दोन ड्राइव्ह भिन्न उत्पादकांच्या, निदान भिन्न फर्मवेअरच्या असाव्यात. मुख्य आणि राखीव सर्व्हरबाबत तर हे कटाक्षाने पाहावे.

सहावी अट सर्वांत महत्त्वाची : स्वीकृतीपूर्वी वीज तोडून चाचणी घेतली जाईल आणि पोच मिळालेली एकही नोंद गहाळ झाल्यास माल परत जाईल, असे निविदेतच लिहावे. ही एक ओळ अनेक अपात्र वस्तूंना दाराबाहेरच थांबवते, कारण विकणाऱ्याला आपल्या मालाची कुवत ठाऊक असते. अकरलॉफ यांच्या बाजारातील माहितीची विषमता अशा अटीने बरीच कमी होते.

हे सारे करूनही एखादी ड्राइव्ह जाईलच. म्हणून डेटाबेसची नक्कल वेगळ्या ठिकाणी असावी आणि ती नक्कल उलगडून खरोखर चालते की नाही हे ठरावीक काळाने करून पाहावे. नक्कल घेतल्याचा शेरा हीदेखील एक पोचच असते आणि तीही तपासल्याशिवाय खरी मानू नये.

कपॅसिटर असलेल्या ड्राइव्हस काही हजार रुपये अधिक लागले, तर लेखापरीक्षक विचारणा करेल ही भीती अनेक खरेदी समित्यांच्या मनात असते. तिचे उत्तर टिपणीत आधीच लिहून ठेवावे. दूरच्या गावातील वृद्ध निवृत्तिवेतनधारकाने हयातीचा दाखला दिला, पडद्यावर "नोंद झाली" असे उमटले आणि पुढल्या महिन्यात पैसे आले नाहीत, तर त्याच्याजवळ दाखवायला कागद नसतो आणि आपल्याजवळ पाहायला नोंद नसते. त्याचे हेलपाटे कोणत्याही दरपत्रकात धरलेले नसतात. ते धरूनच किमान दर काढावा.